एकाच बोटीत सिलिंडर आणि ॲबलोनी: फोनवरचं 'चालतं' कुणी मोजत नाही

तुमची पोस्ट वाचली आणि आमचीच भानगड कुणीतरी परत लिहून काढलीय असं वाटलं. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तिघं बोटीने लांबच्या रीफवर गेले, दोघांनी स्कूबावर (म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर लावून) शेवंड पकडली, तिसऱ्याने नुसतं मास्क-फिन लावून दम धरून ॲबलोनी, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या मोठ्या समुद्री गोगलगायी, काढल्या. जेट्टीवर तपासणी झाली, शेवंडीला कुणी हात लावला नाही पण ॲबलोनी सगळ्या जप्त, वर दंडाचा कागद. आणि निघायच्या आधी ऑफिसला फोन केला तर "दम धरून काढल्या तर चालतं" असं उत्तर मिळालेलं. शिवाय वर येताना तुमच्यातला एकजण शेवंडीच्या पिशवीपायी सुसाट वर गेला, ते वेगळंच.

आधी त्या मित्राचं बोलतो, कारण असं सुसाट वर येणं अंगावर बेतू शकतं. सांधे दुखणं, मुंग्या येणं, अंगावर चट्टे, उगाच गळून गेल्यासारखं वाटणं यातलं काहीही असेल तर हे पुढचं वाचत बसू नका, डायव्हिंगमधलं कळणाऱ्या डॉक्टरला गाठा. लक्षणं कधीकधी काही तासांनी उगवतात. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही, जे स्वतः भोगलंय तेवढंच लिहितोय. कोर्स, बडी, हवामान, लायसन्स हे सगळं तुम्ही नीट केलं असणार असं धरून चालतो.

आता दंडाचं. गोम अशी आहे की काही ठिकाणचा नियम "कसं काढलं" एवढ्यावर थांबत नाही, "तेव्हा जवळ काय होतं" इथपर्यंत जातो. न्यूझीलंडचं बघा, तिथे ॲबलोनीला पाऊआ म्हणतात, स्कूबा लावून ती काढायला बंदी आहेच पण पाऊआ जवळ असताना बोटीत किंवा गाडीत स्कूबाचं सामान सापडलं तरी तो गुन्हाच, मग तुम्ही पाण्यात काय केलं हे कुणी विचारत नाही. तिथेच शेवंडीला मात्र स्कूबा चालतं. फ्लोरिडातही शेवंडीला चालतं. दक्षिण आफ्रिकेत हौशी माणसाला शेवंडसुद्धा स्कूबावर काढता येत नाही. म्हणजे "स्कूबाला परवानगी आहे का" हा प्रश्नच अर्धवट आहे, कुठल्या प्राण्यासाठी आणि बोटीत बाकी काय असताना हे दोन्ही विचारावं लागतं.

आणि खरं सांगू का, नियम मला पटतो. ॲबलोनी पळत नाही, खडकाला चिकटून बसते, सिलिंडर पाठीवर असला की माणूस आरामात एकेक कपार साफ करत जातो. दम धरून जाणाऱ्याला जिथवर पोचता येत नाही त्या खोलीत निदान थोड्या वाचतात. त्यांची अंडी आणि बीज पाण्यात सुटून तिथेच फळतात, म्हणून नर-मादी जवळजवळ असाव्या लागतात, एखाद्या जागेवरच्या विरळ झाल्या की उरलेल्या असून नसल्यासारख्या. आता पाण्याखाली कोण बघायला येतंय कशा काढल्या ते, म्हणून कायदा बोटीत काय आहे ते बघतो. माझं भांडण नियमाशी नाहीच, ऑफिसशी आहे.

कुठलं ऑफिस ते लिहीत नाही. आमच्या वेळी फोनवर असंच "चालतं, चालतं" ऐकलं. माल जप्त झाल्यावर तिथे गेलो तर लायसन्सची खिडकी म्हणते जप्ती आमच्याकडे नाही, तपासणीवाले म्हणतात नियमाचा अर्थ लायसन्सवाले सांगतील, आणि दोन्हीकडे तोच माणूस चहाचा कप घेऊन फिरताना दिसायचा. शेवटी एकीने अर्ज घेतला, शिक्का मारला आणि सांगितलं, "लेखी उत्तर येईल, तोवर थांबा." थांबलो. उत्तर आलं ते एका ओळीचं: हे कार्यालय कायदेशीर सल्ला देत नाही. अरे मग फोनवर काय देत होता? आणि तोवर दंडाविरुद्ध हरकत घ्यायची मुदत संपलेली, कारण ती मोजतात कागद हातात पडला त्या तारखेपासून, यांच्या उत्तरापासून नाही. हे त्या खिडकीतल्या बाईंना माहीत नसेल यावर माझा आजही विश्वास नाही. माल गेला त्याचं काही नाही, दंडही भरला असता, पण बाजू मांडायची संधीच गेली ती या "थांबा" पायी.

म्हणून तुम्ही त्यांच्या उत्तराची वाट बघू नका. दंडाच्या कागदाच्या मागे बारीक अक्षरात मुदत आणि हरकत कुठे पाठवायची ते असतं, ते आज वाचा आणि हरकत आजच पाठवा, अर्धवट असली तरी, "पुरावे मागाहून जोडतो" असं लिहून. सोबत कॉल लॉगचा स्क्रीनशॉट द्या, त्यात तारीख, वेळ आणि किती मिनिटं बोललात ते येतं. दोघांच्या डाइव्ह कॉम्प्युटरचा लॉग काढून ठेवा, कोण किती वाजता किती खोल होता हे त्यात दिसतं, तिसरा दम धरूनच जात होता या म्हणण्याला थोडा आधार मिळतो. सुटालच असं मी म्हणत नाही, सामान जवळ असणं हाच गुन्हा असेल तर कशा काढल्या याने फार फरक पडणार नाही, पण चुकीची माहिती त्यांनीच दिली म्हणून दंड कमी व्हायला वाव असतो. नियम मूर्खपणाचा आहे वगैरे अजिबात लिहू नका. आणि काही ठिकाणी दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल असं धरतात, तेव्हा भरायच्या आधी कुणा वकिलाला विचारा.

पुढच्या वेळी फोन करूच नका, ईमेल करा. त्यात "चालतं का" नको, सरळ लिहा की बोटीत स्कूबाचं सामान असेल, दोघं स्कूबावर शेवंड काढतील, एक दम धरून ॲबलोनी काढेल, हे कुठल्या कलमानुसार चालतं किंवा चालत नाही ते कळवा. उत्तर नाही आलं तर ॲबलोनीसाठी वेगळा दिवस, सिलिंडर घरी. स्कूबा झाल्यावर लगेच दम धरून खाली जाणं तसंही बरं नाही, अंगात नायट्रोजन मुरलेला असतो.

आता पिशवी. तुम्ही लिहिलंय की पिशवी बीसीडीच्या (पाण्यात तरंगणं सांभाळायला हवा भरतात त्या जाकिटाच्या) डी-रिंगला, म्हणजे त्यावरच्या कडीला, अडकवली होती आणि वजन वाटलं म्हणून बीसीडीत हवा भरली. झालं ते यानेच. वीस मीटरवर दाब तीन पट असतो, तिथे भरलेली एक लिटर हवा पृष्ठभागावर तीन लिटर होते, आणि शेवटच्या दहा मीटरमध्ये तर दुप्पट. त्यात पिशवी सुटली किंवा हवा सोडायला जरा उशीर झाला की माणूस बुचासारखा वर. पिशवी हातात धरा, नाहीतर एका हाताने झटक्यात सुटेल अशा क्लिपवर ठेवा, म्हणजे गडबड झाली की सोडून देता येते. शेवंड परत मिळते. जड झाली तर नांगराच्या दोराजवळ बोटीवरून वेगळी दोरी सोडायला सांगा आणि तिला बांधा. लिफ्ट बॅगही (हवा भरून वजन वर नेणारी पिशवी) चालते पण ती वेगळी शिकून घ्या, आणि तिची दोरी स्वतःला कधीही बांधू नका. बाकी मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जोरात वर येऊ नका, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा, पिशवी भरलेली असो नाहीतर रिकामी.

जाता जाता शेवंडीच्या मापाबद्दल. फ्लोरिडात मोजायची पट्टी जवळ असावी लागते आणि पाण्यातच मोजावं लागतं, बोटीवर आणून नाही. तिथे कवच 3 इंचांपेक्षा मोठं लागतं, आणि ते डोळ्यांवरच्या दोन शिंगांच्या मधल्या कडेपासून पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंत मोजतात, शेपूट धरत नाहीत. तुमच्याकडे आकडा वेगळा असेल पण पाण्यात मोजायची सवय कुठेही चांगली. शेपटीखाली केशरी-तपकिरी अंड्यांचा पुंजका दिसला की माप न घेताच सोडायची. मिशा धरून ओढू नका, तुटून हातात येतात आणि शेवंड मागच्या मागे कपारीत, काडीने मागून टोचली की स्वतःच पुढे जाळ्यात येते. आणि बोटीवर शेपट्या तोडू नका, बऱ्याच ठिकाणी अख्खी आणणंच बंधनकारक असतं, नाहीतर दुसरा दंड. बर्फाच्या वितळलेल्या पाण्यात बुडू देऊ नका, गोड्या पाण्याने मरते. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, बर्फ गोणपाटाच्या वर.

शिंपल्या काढणार असाल तर त्या भागात विषारी शेवाळाचा इशारा आहे का तेवढं त्याच दिवशी बघा, ते विष शिजवून जात नाही.

हरकतीचा मसुदा लिहिलात की नावं, नंबर खोडून टाका इथे, आजच टाकलात तर रात्री बघून सांगतो.