धायटीचा अर्क, बायोफिल्म आणि फसवा रंग

प्रश्न : त्र्यंबकेश्वर परिसरातल्या धायटीच्या फुलांचा मिथेनॉल अर्क स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूवर तपासते आहे. अगार प्लेटवर जंतू न वाढलेलं स्पष्ट वलय येतं. पण क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगाच्या चाचणीत प्लॅस्टिक प्लेटमधले अर्काचे खळगे नुसत्या जंतूंच्या खळग्यांपेक्षा गडद दिसतात. अर्कामुळे बायोफिल्म (पृष्ठभागाला चिकटलेला जंतूंचा थर) वाढते का?
— एमएस्सीची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. धायटीच्या फुलांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं. ते प्लॅस्टिकला चिकटतं आणि क्रिस्टल व्हायोलेटही धरून ठेवतं, त्यामुळे जंतू नसतानाही रंग बसतो. प्रत्येक मात्रेसाठी माध्यम आणि अर्क असलेले, पण जंतू नसलेले तीन खळगे ठेवा आणि त्यांचं वाचन वजा करा. हा कंट्रोल नसेल तर आकडा वर गेलेला असो की खाली, त्याला अर्थ नाही.

मात्रा ठरवण्याआधी एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारी किमान मात्रा, काढा. म्युलर-हिंटन ब्रॉथ हे द्रव माध्यम, मिलिलिटरला सुमारे ५ लाख जंतू, अर्क विरघळवणारं डीएमएसओ १ टक्क्याच्या आत, ३५ अंशांना १८ ते २० तास. गडद अर्कात गढूळपणा दिसत नाही म्हणून रेझाझुरिन घालतात; जिवंत जंतू ते निळ्याचं गुलाबी करतात. पण अर्कातले टॅनिनसारखे पॉलिफेनॉलही ते स्वतःच गुलाबी करू शकतात, तेव्हा बिनजंतूचा खळगा इथेही हवाच. बायोफिल्मसाठी एमआयसीच्या निम्मी, पाव आणि अष्टमांश मात्रा घ्या. पूर्ण एमआयसीला थर कमी दिसला तर जंतू वाढलेच नाहीत, एवढंच त्यातून कळतं.

आता धुणं, बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. १ टक्का ग्लुकोज घातलेल्या ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये २४ तास न हलवता वाढवल्यावर प्लेट उलटी करून द्रव काढा. दर खळग्यात २०० मायक्रोलिटर सलाईन तीनदा सोडा, पण पिपेटचं टोक भिंतीला टेकवून. धार तळावर पडली की थर सुटतो. मग ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट १५ मिनिटं, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणं, वाळवणं. ३० टक्के ॲसिटिक आम्लात रंग विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचन. कडेचे खळगे आधी सुकतात, त्यांत निर्जंतुक पाणीच भरा. जंतू जिवंत किती आहेत हे क्रिस्टल व्हायोलेट सांगत नाही. त्यासाठी न रंगवलेल्या वेगळ्या खळग्यांतला थर खरवडून वसाहती मोजा.

वलयाच्या व्यासावरून अर्कांची क्रमवारी मात्र लावू नका. टॅनिनचे मोठे रेणू अगारमधून सावकाश सरकतात, त्यामुळे चांगला अर्कही मागे पडतो. शिवाय आसवारिष्टांत (आयुर्वेदातल्या आंबवलेल्या औषधांत) धायटीची फुलं पडतात ती मिथेनॉलमध्ये नव्हे. पाण्याचा अर्क सोबत तपासाच.