टँकरची तक्रार निघू द्या

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही परिसराचं छोटं संग्रहालय मांडलं आहे. जुने फोटो, चाळींच्या काळातली भांडी, एक नकाशा आणि आपल्या डोंगराची, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराची, माहिती देणारे तक्ते. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी तिथे डोंगराच्या इतिहासावर आणि पाण्यावर कार्यक्रम ठेवतो. सुरुवातीला खोली भरायची, आता तीच चार-पाच ज्येष्ठ मंडळी येतात. वक्ते अभ्यासू असतात, पण सनावळ्या आणि स्लाइड फार. शिवाय पाण्याचा विषय निघाला की लोक सोसायटीचं टँकरचं बिल, नळाचा दाब, बिल्डर यावर घसरतात आणि डोंगर बाजूला राहतो. कार्यक्रम विषयाला धरून कसा ठेवावा?
— एक कार्यकर्ती, बोरिवली (पूर्व)

उत्तर : घसरू द्या. मी तर म्हणेन, टँकरच्या बिलापासूनच सुरुवात करा. लोक ज्याच्यावरून वैतागलेत तो डोंगराच्या इतिहासाचाच चालू भाग आहे, आणि तो त्यांना तोंडपाठ आहे.

मी कांदिवलीच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवत होते आणि निवृत्त झाल्यापासून आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये अशा संध्याकाळी घेते. याच डोंगरातल्या बौद्ध लेण्यांसाठी ‘कान्हेरी लेणी : एक परिचय’ असा फलक लावला की ज्यांनी लेणी पाहिली आहेत तेच येतात. ‘आपल्या नळाला पाणी कुठून येतं?’ असं लिहिलं की वॉचमन, प्लंबर, पोळ्या करणाऱ्या ताई, सगळे दारात थांबतात.

या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना चकित करतं. डोंगर खिडकीतून दिसतो, त्याच्या पोटात तुळशी आणि विहार हे दोन तलाव आहेत, तेव्हा आपण डोंगराचंच पाणी पितो अशी इथल्या माणसाची समजूत असते. प्रत्यक्षात मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची मिळून साठवण सुमारे १,४४,७३६ कोटी लिटर. त्यात विहारचे २,७७० कोटी आणि तुळशीचे ८०५ कोटी. दोन्ही मिळून अडीच टक्के! निम्मी साठवण एकट्या भातसाची, आणि अप्पर वैतरणा तर नाशिक जिल्ह्यात. हे आकडे तक्त्यावर छापून टांगू नका. पालिका तलावांची पातळी रोज जाहीर करते. खोलीच्या दाराशी एक काळा फळा ठेवा, सात रकाने आखा आणि पावसाळाभर रोजचे आकडे खडूने लिहायचं काम एखाद्या शाळकरी मुलीकडे द्या. लोक येता-जाता वाचतील, आणि तुळशीच्या रकान्यातला तो एवढासा आकडा पाहून कोणीतरी विचारेलच, मग हा तलाव बांधला तरी कशाला?

इथे सनावळ्या सांगा. आता त्या कंटाळवाण्या वाटणार नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई विहिरी आणि तळ्यांवर जगत होती. १८५४ च्या टंचाईत बोटींतून आणि आगगाडीतून पाणी आणून शहराची तहान भागवावी लागली. १८५६ मध्ये विहारचं काम सुरू झालं, १८६० मध्ये पुरं झालं आणि शहराला पहिल्यांदा धरणाचं पाणी नळाने मिळालं. तेही पुरेना, म्हणून १८७९ मध्ये तुळशी. पुढे तानसा, मग आणखी लांब. टँकरचे पैसे भरणाऱ्या माणसाला ती १८५४ ची पाण्याची आगगाडी समजावून सांगावी लागत नाही.

त्यानंतर कान्हेरी. माझा जीव या भागात फार गुंततो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्याकडे लेणी दाखवायची म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य म्हणजे प्रार्थनेचं दालन, त्यातला स्तूप आणि बाहेरच्या भव्य बुद्धमूर्ती दाखवायच्या, अशी रीत पडली आहे. त्या पाहाव्यातच. पण पाण्याच्या संध्याकाळी लोकांना लेण्यांच्या अंगणात उभं करा. फोटो दाखवायचे तर लेण्याच्या दर्शनी भागाच्या माथ्यावर खडकात खोदलेली बारीक पन्हळ दाखवा. पावसाचं पाणी तिने अडवून बाजूला घ्यायचं, अंगणातल्या चरातून पुढे न्यायचं आणि पोढीत सोडायचं. पोढी म्हणजे दाराशेजारी खडकात खोदलेलं टाकं. तोंड लहान, आत पोट मोठं, म्हणजे पाणी उन्हाने कमी आटतं. शंभराहून अधिक लेण्यांच्या या वसाहतीत बहुतेक विहारांना, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्यांना, स्वतःची पोढी आहे. आपल्या सोसायट्यांमध्ये गच्चीवरचं पाणी पाइपने जमिनीखालच्या टाकीत घेतात, तीच ही व्यवस्था, आणि ती इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांपासून त्या कातळात आहे. दगडही पाहायला सांगा. ज्वालामुखीच्या उद्रेकात उडालेल्या खड्यांचा, चिपांचा एकजीव होऊन हा खडक झाला आहे. भिंतीला डोळा लावला की वेगवेगळ्या आकाराचे तुकडे स्पष्ट दिसतात.

आणि ही टाकी खोदवली कोणी? राजाने नव्हे. कान्हेरीच्या एका शिलालेखात कल्याणच्या स्वामिदत्त सोनाराने भिक्षुसंघाला पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात कल्याणच्याच एका लोहाराने वाट बांधून दिल्याचं लिहिलं आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णीच्या काळातल्या एका लेखात तर मंगलठाणच्या शेताचं दान आहे. मंगलठाण म्हणजे आपलं मागाठाणे, जिथे आज तुमचे वाचक बसची वाट पाहतात. हे लेख मोठ्या अक्षरात मराठी अर्थासह लावा आणि वाचायला वक्त्याला नको, श्रोत्यांतल्याच कुणाला तरी उभं करा. आमच्याकडे एका सराफी कारागिराने तो सोनाराचा लेख वाचला. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, ‘एवढं टाकं खोदायला किती महिने लागले असतील हो?’ त्या प्रश्नावर त्या संध्याकाळी गवंडी, प्लंबर आणि एक निवृत्त इंजिनिअर बराच वेळ बोलत राहिले. मला तरी याहून चांगला कार्यक्रम ठरवून घेता आला नसता.

वक्त्यांबद्दल. अभ्यासकांना जरूर बोलवा, पण त्यांना वीस मिनिटं आणि मोजकी चार चित्रं द्या. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर तुमच्या भागातला निवृत्त चावीवाला बसवा. कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह कधी उघडतो, चढावरच्या इमारतीला पाणी शेवटी का पोचतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. दुसरी खुर्ची राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवरच्या माणसांची. वारली, महादेव कोळी, कोकणा कुटुंबं या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. वाघोबाला मानतात, कोणता ओढा कधी आटतो हे जाणतात. त्यांना नाच करून दाखवायला बोलावण्याची जी पद्धत आहे ती मला मनापासून खटकते. त्यांना बोलायला बोलवा, प्राध्यापकांना देता तेवढंच मानधन द्या आणि परतीच्या रिक्षाची सोय करा, कारण अंधार पडल्यावर त्या रस्त्याने बिबट्याचा वावर असतो. त्यांच्या हंड्याचा, नळाचा प्रश्न निघाला तर तो मध्येच आवरू नका. तुमच्या सदस्यांच्या टँकरला वेळ मिळतो, तसा त्यालाही मिळाला पाहिजे.

एक संध्याकाळ २६ जुलै २००५ साठी राखून ठेवा. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा सगळ्यांनी ऐकलेला असतो. पण दहिसर नदी तुळशीच्या बाजूने उगवते, पोईसर याच डोंगरातून निघते आणि मिठी विहार-पवईच्या सांडव्यातून, हे नकाशावर बोट फिरवून पाहिलं की त्या रात्री आपल्या जिन्यात शिरलेलं पाणी कोणत्या उतारावरून आलं ते लोकांना दिसतं. मोठा नकाशा जमिनीवर पसरा. ज्याच्या घरात पाणी आलं होतं त्याने आपल्या इमारतीवर टिकली लावायची. टिकल्या नदीच्या काठाने लागत जातात, आणि ज्याला आपण नाला म्हणतो त्याला नदी म्हणायला लोक तिथेच सुरुवात करतात.

शेवटची सूचना चहाची. चहा कार्यक्रमाच्या आधी द्या. नंतर दिला की लोक कप ठेवून निघतात. आधी दिला की बोलणं चहाबरोबरच सुरू होतं.

प्रश्न : कान्हेरीच्या वाटेवर कोरीव वाटणारे दगडाचे तुकडे दिसतात. असे एक-दोन आणून आमच्या छोट्या संग्रहालयात ठेवले तर चालेल का?
— एक वाचक, दहिसर

उत्तर : नाही. कान्हेरी हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे आणि भोवतालचं जंगल राष्ट्रीय उद्यान. तिथला दगड, पान, पीस काहीही उचलायचं नाही. कोरीव तुकडा दिसला तर जागेवरच फोटो काढा आणि लेण्यांवरच्या कर्मचाऱ्यांना सांगा. तुमच्या खोलीत ठेवण्यासारख्या वस्तू घराघरांत आहेत. पाणीपट्टीची जुनी बिलं, रहाटाची चाकं, बुजवलेल्या विहिरीचे फोटो, गावठाणातल्या आजींचा तांब्याचा हंडा. प्रत्येक वस्तूबरोबर ती कोणत्या विहिरीवर वापरली, किती वाजता पाणी भरायला जावं लागे, एवढं त्या घरच्या माणसाच्याच शब्दांत लिहून घ्या. हंडा परत मागितला तर लगेच द्या, चिठ्ठी मात्र ठेवून घ्या.

प्रश्न : मुलांना घेऊन दहिसर नदीच्या काठाने उगमाकडे चालत जायचा विचार आहे. जुलैत जाऊ का?
— एक शिक्षिका, कांदिवली

उत्तर : जुलैत नको. डोंगरावर जोराचा पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पात्रात पाणी एकदम चढतं. पावसाळ्यात मुलांना पुलावरून नदी दाखवा, आणि चालायला डिसेंबर-जानेवारीत न्या. उद्यान सोमवारी बंद असतं. तुळशी तलावाचा परिसर सगळ्यांना खुला नाही, म्हणून आधी उद्यानाच्या कार्यालयात लेखी परवानगी मागा आणि त्यांचा माणूस बरोबर घ्या. मुलांच्या हातात वही द्या. नदीचं पाणी कुठे स्वच्छ आहे आणि कोणत्या पुलापाशी वास सुरू होतो, एवढंच त्यांनी लिहायचं.