आधी बाई, मग मुलं, अ‍ॅप शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिली ते चौथीसाठी वीस टॅब, एक लॅपटॉप आणि प्रोजेक्टर आलाय, तुम्ही आठवड्यातून दोनदा मदतीला जाता. टॅब हातात आला की मुलं गोंधळ घालतात आणि बाई "तुम्हीच घ्या ना तास" म्हणून मागे वह्या तपासत बसतात. तर कोणती अ‍ॅप घ्यावीत? अ‍ॅपचं नंतर सांगतो. आधी त्या मागे बसलेल्या बाईंचं बघू.

मीही पहिली दोन वर्षं स्वतःच तास घेत होतो. मुलं खूश, मुख्याध्यापक खूश. मग महिनाभर मला जाता आलं नाही. परत गेलो तर सगळी यंत्रं कपाटात तशीच पडलेली, एकाचीही बॅटरी जिवंत नाही. बाई आळशी होत्या असं मुळीच नाही. चाळीस मुलांसमोर प्रोजेक्टर लागला नाही तर वर्ग हातातून जातो, आणि वर चौथीतला एखादा उठून "बाई, तसं नाही, असं" म्हणतो. वर्षानुवर्षं उत्तम शिकवणाऱ्या माणसाला ही धास्ती जास्तच असते.

म्हणून आता मी शाळा सुटल्यावर अर्धा तास एकट्या बाईंबरोबर बसतो. विषय मी ठरवत नाही. "उद्या काय शिकवणार आहात?" एवढंच विचारतो. एकदा उत्तर आलं, "घड्याळ." मग पडद्यावर काटे फिरवता येतील असं एक मोठं घड्याळ शोधलं, बाकी काही नाही. प्रोजेक्टरची केबल मी मुद्दाम काढून ठेवली. बाईंनी ती जोडली, चित्र येईना. विंडोजचं बटण दाबून धरून पी दाबायचं आणि 'डुप्लिकेट' निवडायचं, हे सांगितलं. तीनदा केबल काढली, तिन्ही वेळा त्यांनीच लावली. दुसऱ्या दिवशी वर्गात खरंच चित्र गेलं, तेव्हा मी मागे बसलो होतो आणि त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही!

या सगळ्यात एक पथ्य पाळा, माउसला हात लावायचा नाही. "आणा इकडे, मी करून देतो" म्हटलं की पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न परत येणार. मी चक्क हात मागे बांधून उभा राहतो. फार जड जातं, विशेषतः समोरचा माणूस बरोबर बटणाच्या शेजारून बाण फिरवत असतो तेव्हा.

आता मुलांचा गोंधळ. तो बऱ्याचदा खोडकरपणाचा नसतो, लॉगिनचा असतो. पहिलीतली एक मुलगी कीबोर्डकडे नुसती बघत बसली होती. चिठ्ठीवर पासवर्ड स्मॉल अक्षरांत लिहिलेला आणि बटणांवर सगळी कॅपिटल. तिच्या ओळखीचा, खाली शेपटी असलेला 'जी' तिथे कुठेच नव्हता. तो मिळाला तर पुढे 'एल', आणि चिठ्ठीतला 'एल' हुबेहूब कॅपिटल 'आय'सारखा दिसणारा. शिवाय पासवर्डच्या जागी नुसते ठिपके उमटतात, त्यामुळे चुकलं कुठे ते कळायला मार्ग नाही. पस्तीस मिनिटांच्या तासातली वीस मिनिटं अशी गेली. तोवर ज्यांचं झालं होतं ती मुलं कंटाळून दंगा करायला लागली.

तुमच्याकडे टॅब आहेत ते बरं आहे. लॉगिन न लागणारी अ‍ॅप घ्या, किंवा क्यूआर कोडचं कार्ड दाखवून आत जाता येईल अशी. टॅबवर ठळक नंबर चिकटवा आणि प्रत्येक जोडीला कायम तोच टॅब द्या. खाती काढायच्या भानगडीत पडूच नका. बऱ्याच ऑनलाइन सेवांची वयाची अट १३ वर्षांची असते, आणि मुलांच्या नावाने खोटी जन्मतारीख टाकणं हा काही उपाय नव्हे.

चाळीस मुलांना वीस टॅब म्हणजे कमी पडतात असं समजू नका. दोघांत एकच ठेवा. एकाचा हात, दुसऱ्याचं तोंड: सांगणाऱ्यानं स्क्रीनला शिवायचं नाही, करणाऱ्यानं मनाचं काही करायचं नाही. पाच मिनिटांनी अदलाबदल. काही सांगायचं असेल तेव्हा "टॅब पालथे!" अशी एकच आरोळी. स्क्रीन दिसत असताना कितीही ओरडा, कुणी ऐकत नाही.

अ‍ॅपमध्ये मी एकाच नावापासून सुरुवात करीन, स्क्रॅच ज्युनिअर. सूचनांचे ठोकळे जोडून मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारं हे अ‍ॅप. २०१४ साली ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी आलं. त्यातल्या सूचना चित्रांच्या आहेत, त्यामुळे वाचता न येणारं मूलही पडद्यावरच्या मांजराला चालवतं. एकदा टाकलं की इंटरनेट लागत नाही. मुलांचं काम त्या-त्या टॅबवरच साठतं, म्हणून वर नंबरांचा आग्रह धरला. तिसरी-चौथीला हळूहळू मोठं स्क्रॅच द्या, ते साधारण ८ वर्षांपासून पुढच्यांसाठी आहे.

पण पहिला तास टॅबशिवाय घ्या. १९६७ साली गणितज्ञ सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली. पुढे तिच्यात कासव आलं, दिलेल्या हुकमांप्रमाणे चालत रेघ ओढणारं. कासवाला चौकोन काढायला कसं सांगायचं हे अडलं की पॅपर्ट मुलांना स्वतःच कासव होऊन चालायला लावत. वर्गात एकाला कासव करा, बाकीचे हुकूम सोडतील. कुणीतरी "उजवीकडे जा" म्हणेल. कासव वळेल, की न वळता बाजूला सरकेल? यावर पोरं अशी भांडतात की बघत राहावं. 'वळ' आणि 'चाल' हे दोन वेगळे हुकूम आहेत हे तिथेच सुटतं, टॅबवर मग समजवावं लागत नाही. आणि हा तास बाईच घेऊ शकतात, त्यात काही चार्ज करायचं नसतं.

मोठ्या सुट्टीआधी टॅब निम्मे चार्ज करून, बंद करून ठेवा. पार शून्यावर महिनोन्महिने पडलेली बॅटरी पुन्हा उठेलच असं नाही.

प्रोजेक्टरला मागे कोणती पोर्ट आहेत आणि लॅपटॉपला कोणती, तेवढं बघून लिहा. केबल कुठली घ्यायची ते सांगतो.