काटा रुतलेल्या जागीच पांढऱ्या पेशी कशा थांबतात?

तुम्ही विचारलंय की पायात बाभळीचा काटा रुतला की दोन-तीन दिवसांत तेवढ्याच जागी पू होतो, म्हणजे पांढऱ्या पेशी तिथे जमतात; रक्त तर अंगभर वाहतं, मग पांढऱ्या पेशींना ती जागा सापडते कशी? परभणीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज याच पेशी मोजतो, म्हणून सविस्तर सांगतो.

पेशी जागा शोधत नाहीत, रक्तवाहिनीची भिंत त्यांना धरते. काट्यासोबत जंतू आत गेले की तिथल्या पेशी हिस्टामिन, टीएनएफ असे पदार्थ सोडतात. शेजारच्या बारीक शिरांच्या अस्तरात पी-सिलेक्टिन हे प्रथिन साठवलेलंच असतं, ते मिनिटांत वर येतं. ई-सिलेक्टिन नव्यानं बनतं, त्याला काही तास लागतात. पांढरी पेशी त्यांना अडकते, पण पकड कच्ची. कुसळी गवतातून जाताना धोतर अडतं, सुटतं, पुन्हा अडतं, तशी ती भिंतीवरून गडगडत पुढे सरकते.

खरी कमाल इथून पुढे. भिंतीवर इंटरल्यूकिन-८ सारखे रेणू असतात. गडगडणाऱ्या पेशीला ते लागले की तिच्या अंगावरची मिटलेली इंटिग्रिन प्रथिनं क्षणात उघडतात आणि भिंतीवरच्या आयकॅम-१ या प्रथिनाला घट्ट धरतात. ती कायम उघडी असती तर पेशी कुठेही चिकटून बसल्या असत्या! मग पेशी चपटी होते, सरपटत अस्तराच्या दोन पेशींमधला सांधा गाठते आणि फटीतून बाहेर पडते.

या इंटिग्रिनमधला सीडी१८ हा भाग काही बाळांत जन्मतःच नसतो. रक्तातला पांढऱ्या पेशींचा काउंट (मोठ्या माणसांत नेहमी ४,००० ते ११,०००) कधी १ लाखावर जातो, जखमेत मात्र पू नाही, कारण पेशी बाहेर पडूच शकत नाहीत. आजार दुर्मीळ आहे, पण सदोष जनुक आई-वडील दोघांकडून यावं लागतं, आणि आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं अजून होतात. म्हणून कळकळीनं सांगतो, ३-४ आठवडे उलटूनही बाळाची नाळ गळली नसेल, बेंबी लाल असेल, तर नुसत्या सीबीसीवर (रक्तपेशींच्या साध्या मोजणीवर) थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना सीडी१८च्या फ्लो सायटोमेट्रीबद्दल (पेशींवर ते प्रथिन आहे का हे बघणाऱ्या तपासणीबद्दल) विचारा. नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागतो, पण निदान वेळेत झालं तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणानं मूल वाचू शकतं.