रत्नागिरीत माडांखाली लावलेल्या फाउंटन ग्रासला तुरे का येत नाहीत?
याचे मुख्य कारण बहुधा माडांची सावली असावी, म्हणून गणपतीनंतर पाऊस ओसरू लागताच ठोंब मुळांसकट उचलून, रोज किमान 6 तास थेट ऊन मिळेल अशा उंचवट्यावर लावावेत. हे गवत मूळचे आफ्रिकेतल्या कोरड्या, उघड्या माळरानांवरचे असल्याने सावलीत आणि युरियाच्या खुराकावर त्याची पाती लांबत जातात, पण फुलोरा मागे पडतो; तेव्हा तुऱ्यांसाठी खत वाढवणे हा उपाय नव्हेच, उलट नत्रयुक्त खत थांबवावे. छाटणी पावसाआधी एकदाच करावी, कारण वारंवार कापल्यास येऊ घातलेले तुरेही पात्यांबरोबर जातात. मात्र हलवलेला ठोंब आधी मुळे धरतो, त्यामुळे त्याच मोसमात तुऱ्यांची अपेक्षा ठेवू नये.