तरुण ख्रिस्ती माणसाने रोजचे निर्णय विश्वासाला धरून कसे घ्यावेत?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात पहिली नोकरी, सॉफ्टवेअर टेस्टिंगला. ऑफिसात गणपती बसतो, आरतीला सगळे उभे राहतात, प्रसाद हातावर ठेवतात. महिन्यातले दोन रविवार शिफ्ट लागते. शुक्रवारी टीमची पार्टी. आई विचारते, चर्चच्या मंडळीतले विचारतात, आणि कुठे हो म्हणावं, कुठे नाही, हे तुला उमजत नाही.

तुझ्या यादीत प्रसाद आहे, रविवार आहे, दारू आहे. दिवसाचे नऊ तास जे काम करतोस ते मात्र यादीत नाही. मी लिहायला बसले ती त्यासाठी. तुझ्या वयात माझी यादीही हीच होती, आणि ती मला माझ्या माणसांनीच हातात दिली होती.

२००५ साली मी बावीस वर्षांची होते. मेकॅनिकलचा डिप्लोमा, भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत क्वालिटीला ट्रेनी. दापोडीहून पीसीएमटीच्या बसने जायचे. आम्ही मूळचे नगरकडचे, पणजोबांपासून ख्रिस्ती. रात्री आधी कौटुंबिक प्रार्थना, नारायण वामन टिळकांचं एखादं गायन, मग ताटं. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, मंडळीच्या तरुण संघाचा सेक्रेटरी. बाबांच्या मागे घरात त्याचाच शब्द चालायचा.

खंडेनवमीला कंपनीत मशिनची पूजा होती. सगळा शॉप धुऊन काढलेला, लेथना झेंडूच्या माळा, मधे टेबलावर लक्ष्मीचा फोटो. इन्स्पेक्शनची गेजेस मांडायचं काम माझ्याकडे. बोअर गेज, मायक्रोमीटर, प्लग गेज एकेक करून पुसली, तेलाचा हात दिला, ओळीने ठेवली. नारळ फोडायची वेळ आली तेव्हा कुणीतरी हाक मारली, "मॅडम, या." माझे पायच उचलेनात. लेथवर एक वयस्कर काका होते, त्यांनी नारळ माझ्यापर्यंत येऊच दिला नाही. म्हणाले, "पोरी, तुमच्यात चालत नसेल तर नको फोडू. पण बाहेर जाऊन बसू नको. रोज आमच्यात काम करतेस ना, मग आजपण उभी राहा."

मी उभी राहिले. हात जोडले नाहीत. मनात माझ्या प्रभूला म्हटलं, इथल्या कुणाच्या हाताला वर्षभर इजा होऊ देऊ नकोस. त्या शॉपमध्ये दोघांची बोटं प्रेसमध्ये गेलेली मी रोज बघत होते, त्यामुळे ती प्रार्थना पोटातून आली होती. मग पेढा दिला, तो खाल्ला.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि डिस्पॅच तुंबला. शुक्रवारी संध्याकाळी सहाशे बुशांचा, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्यांचा, लॉट निघायचा होता. बोअर, म्हणजे आतलं भोक, वीस एच७: २०.००० ते २०.०२१ मिलिमीटरमध्येच बसायला हवं. बोअर गेज आत घालून हळूच झुलवायचं. काटा एका जागी पोचून उलटा फिरतो, ती वळायची जागा म्हणजे खरं माप. पहिला नग २०.०१८. दुसरा २०.०२९. वाटलं, नग गरम असेल. बाजूला ठेवला, रिंगवर गेज पुन्हा झिरो केलं. थंड झाल्यावर तोच नग २०.०२८. चौथा २०.०३४. दहा मोजले, त्यातले चार बाहेर. बोअर लहान राहिला तर पुन्हा कापता येतो, मोठा झाला की भंगार. ते भंगार कोणाच्या नावावर टाकायचं यावरून ऑफिसात कुजबुज सुरू झाली.

सुपरवायझर म्हणाले, "शीट भरून टाक." शीटवर रीडिंगचे पाच रकाने. ते कसे भरतात हे मला तोवर कळलं होतं: २०.००८, २०.०१२, २०.०१०, मधेच एखादं २०.०१६, म्हणजे खरं वाटतं. खाली तपासणाऱ्याची सही. मी म्हटलं, मोजलं तेच लिहीन. ते म्हणाले, "मग टेम्पो जाणार नाही." मी म्हटलं, सहाशेच्या सहाशे मोजून देते, चांगले-वाईट वेगळे करू, रात्रपाळीत होऊन जाईल. टेम्पोवाला गेटवर हॉर्न वाजवत होता. साडेआठपर्यंत माझे दोनशे चाळीस झाले होते. तेवढ्यात त्यांनी दुसऱ्या ट्रेनीला बोलावलं. त्याने पाच मिनिटांत पाच आकडे भरले, सही केली, टेम्पो गेला. तो मुलगा वाईट नव्हता, त्याला गावी पैसे पाठवावे लागायचे. तो लॉट परत आल्याचंही कधी कानावर आलं नाही.

घरी येऊन दादाला सगळं सांगितलं, पूजेचंही आणि लॉटचंही. वाटलं होतं, शाब्बास म्हणेल. तो म्हणाला, "कामाचं काम असतं, त्यात प्रभूला कशाला आणतेस? वरिष्ठांच्या अधीन राहा, असं शास्त्रच सांगतं." आणि रविवारी उपासना सुटल्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर दहा-बारा माणसं उभी असताना म्हणाला, "ही कंपनीत फोटोपुढं उभी राहिली, पेढा खाल्ला. ही तरुण संघात काय साक्ष देणार?" नाताळच्या गायनातून माझं नाव गेलं. नोव्हेंबरअखेर कंपनीनेही मला कायम केलं नाही.

तेव्हापासून वीस वर्षं मी आणि दादा हाच वाद घालतोय, म्हणून माझं म्हणणं इथे सरळ मांडते. बायबलमधलं लेवीय उघड, अध्याय एकोणीस. लांबी, वजन, माप यांत अन्याय करू नका, तुमची तागडी खरी असू द्या, वजनं खरी असू द्या. ही आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात आहे आणि शेवटी 'मी परमेश्वर तुमचा देव आहे' असं म्हटलंय, म्हणजे ती व्यापाऱ्याला केलेली वरवरची सूचना नव्हे. नीतिसूत्रांचा अकरावा अध्याय तर खोट्या तागडीपासूनच सुरू होतो. परमेश्वराला तिचा वीट आहे. माझ्या हातातलं बोअर गेज हीच माझी तागडी होती. आणि दादा, ज्याला अख्खं नियमशास्त्र पाठ, तो म्हणतो यात प्रभूला आणू नको. मग आणू कुठे? फक्त पेढ्यात? मत्तयाच्या शुभवर्तमानात, तेविसाव्या अध्यायात, प्रभू परुश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या धर्मपंथीयांना, हेच सुनावतो: पुदिना, शेप, जिरं यांचा दशांश मोजून देता, आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता.

आता तुझ्याबद्दल. तू टेस्टिंगला आहेस. रिलीजच्या आदल्या रात्री तुला कुणीतरी सांगेल, न चालवलेल्या टेस्ट केसेस पास टाक. टाइमशीटवर दुसऱ्या क्लायंटचे तास लिहायला सांगतील. घरभाड्याची खोटी पावती जोडून कर वाचवायला शिकवतील, आणि शिकवणारा कदाचित आपल्याच मंडळीतला असेल. तुझ्या विश्वासाचे रोजचे निर्णय ते हे. त्यांच्याविषयी पायऱ्यांवर कुणी विचारत नाही.

त्यासाठी एक अगदी व्यवहाराचं सांगते: तीन पगार बाजूला टाक. पहिल्या वर्षातच. नवा मोबाइल नको, बाइकचा हप्ता नको, आधी ते. सही करणार नाही असं म्हणायला मला त्या संध्याकाळी जमलं, कारण आईची पेन्शन होती आणि चूल माझ्या पगारावर नव्हती. त्या दुसऱ्या मुलाला जमलं नाही. मी त्याच्याहून जास्त विश्वासू होते असं मला कधी वाटलं नाही, माझ्या पाठीशी पैसे होते. आणि नाही म्हणशील तेव्हा दुसरा रस्ता घेऊन जा: सहाशे मोजून देते, रात्री थांबतो, क्लायंटला मेल मी लिहितो. नुसतं नाही म्हणणारा पोरगा सगळ्यांना अंगावर आल्यासारखा वाटतो.

प्रसादाचं. प्रेषित पौलाने करिंथकरांना पहिल्या पत्रात लिहिलंय की खाल्ल्याने आपण देवाजवळ जात नाही आणि न खाल्ल्याने लांबही जात नाही. पण तुझ्या खाण्याने दुबळ्या भावाला ठेच लागत असेल तर खाऊ नको. आणि मला धीर दिला तो बायबलमधल्या नामानाने. अरामाचा सेनापती, कोड बरं झालं, आता परमेश्वराशिवाय कुणाला यज्ञ करणार नाही म्हणाला. मग म्हणतो, माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढ्याची मला क्षमा असो. संदेष्टा अलीशाने त्याला फैलावर घेतलं नाही. शांतीने जा, एवढंच म्हणाला. दादाला हे वचन मी शंभरदा दाखवलंय. तो म्हणतो, नामान नवा होता. अरे, मग बावीस वर्षांची मी कोणती जुनी होते?

दुसऱ्याच्या घासावरून त्याचा धर्म मोजायची खोड या शहराला जुनी आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहा-बिस्किटांवरून केवढं रामायण झालं! न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकायची वेळ, आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं. चहाच्या एका कपासाठी! आपल्या शाळेच्या पुस्तकात हे वाचताना आपण त्या सनातन्यांना नावं ठेवतो आणि मग आपल्याच पायऱ्यांवर पेढ्याचा हिशोब मागतो. पंडिता रमाबाई बघ. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तरी शाकाहार सोडला नाही. तिथल्या मठातल्या सिस्टरला ते खटकायचं, बाई बधल्या नाहीत. ताटातलं काय सोडायचं आणि काय नाही हे त्यांनी स्वतः ठरवलं. पुढे दुष्काळातल्या शेकडो मुली-बायकांना केडगावला आसरा दिला. त्यांच्या विश्वासाची खूण मी तिथे बघते.

आता एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. पौलाच्या त्याच पत्राच्या दहाव्या अध्यायात कडक वचनंही आहेत, प्रभूचा प्याला आणि दुसरा प्याला दोन्ही घेता येत नाहीत अशी, आणि बऱ्याच मंडळ्या त्यावर ठाम आहेत. तुझा विवेक खाऊ नको म्हणत असेल तर माझं ऐकून खाऊ नकोस. घ्यायचा नसेल तर आरतीच्या गर्दीत हात मागे ओढू नको. आधीच, एखाद्या साध्या दिवशी, चहाच्या वेळी टीममधल्या एकाला सांगून ठेव की मी घेत नाही, राग मानू नका. मग वेळ आल्यावर तोच तुला सांभाळून घेतो. आणि नाताळचा डबा जरूर ने, करंज्या, चिवडा, जे घरी होईल ते. ते खातील तेव्हा तुलाही कळेल की समोरचा घास घेतो याचं मोल काय असतं.

रविवारचं. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, हे मार्काच्या शुभवर्तमानात आहे, त्यावर मी भर घालत नाही. पण आयता मिळेल असं समजू नको, शिफ्टचा रोटा लागायच्या आधी बोल. दिवाळी आणि गणपतीतली शिफ्ट तू मागून घे, म्हणजे नाताळला आणि ईस्टरच्या रविवारी ते तुला सोडतील. मी पुढच्या नोकरीत पंधरा वर्षं हेच केलं, एकदाही अडलं नाही.

दादाविषयी इतकं लिहिलं, तर हेही लिहिते. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा सहा वर्षं तिचं अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं त्याने केलं. मी पगारातून पैसे पाठवत होते, हात त्याचे होते. त्यामुळे त्याचा विश्वास खोटा असं मी कधीच म्हणणार नाही. पण पायऱ्यांवर तो चुकला, आणि त्या शुक्रवारी त्याहून जास्त चुकला. हे त्याने एकदा तोंडाने म्हणावं अशी माझी अजून इच्छा आहे. तो हे वाचतो, मला माहीत आहे.

राहिली पार्टी. जा. सुरुवातीलाच लिंबू सोडा मागव, म्हणजे रिकामा ग्लास बघून कुणी भरायला येणार नाही. साडेदहाला निघ. कुणी जास्त घेतली असेल तर त्याला गाडी चालवू देऊ नको, घरापर्यंत सोड, आणि वाटेत त्याला वचनं ऐकवू नको.