वाचकांचे प्रश्न : सक्तीची सैनिकी सेवा आणि पहिले शील

प्रश्न : आम्ही इंदोऱ्यात राहतो. माझा मुलगा कॉलेजच्या एनसीसीत आहे. परेड त्याला आवडते, परंतु नेमबाजीच्या सरावाला रायफल हाती घेतली की 'पाणातिपाता वेरमणी' हे प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे बौद्ध पंचशीलातील पहिले शील आठवते, असे तो म्हणतो. उद्या सैनिकी सेवा सक्तीची झाली, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या आधारे त्याला नकार देता येईल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : भारतात आज सक्तीची सैन्यभरती नाही आणि एनसीसीही ऐच्छिक आहे, त्यामुळे चिरंजीवांपुढे तूर्त कायदेशीर पेच नाही. आपण विचारता तो उद्याचा प्रश्न मात्र अनेकांना वाटतो तितका सरळ नाही.

अनुच्छेद २५ सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देतो खरे, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्याबरोबरच मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदींच्याही अधीन आहे. त्याच भागातील अनुच्छेद २३(२) सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला देतो. (बहुतेक जण २३वा अनुच्छेद वेठबिगारीपुरता वाचून पान उलटतात, खरी मेख पुढच्या खंडात आहे.) अशी सेवा लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही, असेही तेथे म्हटले आहे. म्हणून 'आम्ही बौद्ध आहोत, आम्हाला सूट द्या' ही मागणी, माझ्या मते, न्यायालयात लंगडी ठरेल. कोणत्याही धर्माच्या किंवा निधर्मी नागरिकाच्या प्रामाणिक श्रद्धेला सूट देणारा कायदा संसदेनेच करावा लागेल.

राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहूनही श्रद्धेपोटी ते न गाणाऱ्या केरळमधील विद्यार्थ्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली निकाल दिला, हा दाखला अशा वेळी हमखास दिला जातो. पण गाण्याची सक्ती करणारा कायदाच तेव्हा नव्हता, हे त्या निकालाचे एक प्रमुख कारण होते.

नागरी व राजकीय हक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराचा भारत १९७९ पासून सदस्य आहे, त्याच्या १८व्या अनुच्छेदातून असा नकाराचा हक्क निघू शकतो, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९३ साली म्हटले. दक्षिण कोरियात तेथील घटना न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानंतर पर्यायी सेवा आली. पण लष्करात १८ महिने, तर पर्याय निवडणाऱ्याला तुरुंगात राहून ३६ महिने काम. याला पर्याय म्हणावे की शिक्षा, असा प्रश्न पडतोच. आपल्याकडे विनोबांनी १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला युद्धविरोधी भाषण केले, तेव्हा त्यांनी सूट मागितली नव्हती, तुरुंग पत्करला होता.

चिरंजीव पुढे अग्निवीर म्हणून स्वेच्छेने भरती होणार असतील, तर गोष्ट निराळी. अनुच्छेद ३३ नुसार सैनिकांचे मूलभूत हक्क संसद मर्यादित करू शकते, आणि १९५० च्या सेना अधिनियमाखाली आज्ञाभंग व पलायन हे गुन्हे आहेत. तेव्हा अर्ज भरण्याआधीच त्यांनी मनाचा कौल घ्यावा; नेमबाजीबद्दलची अडचण मात्र कॉलेजातील एनसीसी अधिकाऱ्यांच्या कानावर आताच घालावी.